‘काहीच घडत नाही’: संथ सिनेमाचा लीस्ट काउंट

या ब्लॉगवर एरवी आपण प्रपोजल कसं लिहावं, पेपर कसा वाचावा, गाईडला पहिली मेल कशी करावी, असल्या गोष्टी बोलतो. आज एका सिनेमाबद्दल बोलू. विषय फारसा बदललेला नाही, हे पुढे लक्षात येईलच.

संशोधनाच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: निरीक्षण आणि निष्कर्ष यांत फरक काय? व्याख्या सगळ्यांना पाठ असते, पण खरी नोंद समोर ठेवली की गडबड होते. ‘द्रावण गढूळ झालं’ हे निरीक्षण. ‘अभिक्रिया पूर्ण झाली’ हा निष्कर्ष. आता हे वाक्य घ्या: ‘सिनेमा फार संथ आहे, त्यात काहीच घडत नाही.’ हे काय आहे?

बहुतेक जण निरीक्षण म्हणतील. माझं म्हणणं असं, की हा निष्कर्ष आहे. आणि तो कोणत्या साधनाने मोजून काढला, हे तपासल्याशिवाय स्वीकारू नये. हे तपासायला मी एक छोटा, आपल्याकडे फारसा कुणी न पाहिलेला अमेरिकी सिनेमा घेते: केली रायकार्ट या दिग्दर्शिकेचा २००८ सालचा ‘वेंडी अँड ल्यूसी’. लांबी जेमतेम ८० मिनिटं. पुढे त्याची गोष्ट शेवटासकट सांगणार आहे. गोष्ट आधी कळली म्हणून बिघडेल असा हा सिनेमा नाही, पण ज्यांना आधी बघायचाय त्यांनी इथे थांबावं.

गोष्ट एवढीच

वेंडी नावाची एक तरुण मुलगी (मिशेल विल्यम्स) इंडियानाहून अलास्काला निघाली आहे. तिकडे मासे डबाबंद करायच्या कारखान्यात काम मिळतं असं तिने ऐकलंय. सोबत ल्यूसी नावाची कुत्री आणि एक जुनी होंडा गाडी. वहीत ती खर्चाचा हिशेब लिहीत जाते. शिल्लक पाचशे डॉलरच्या आसपास. ओरेगन राज्यातल्या एका गावात ती दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीतच झोपते. सकाळी तिथला म्हातारा सुरक्षारक्षक काच वाजवून सांगतो, इथे झोपता येणार नाही. गाडी चालू होत नाही. दोघं मिळून ती ढकलत रस्त्यावर नेतात.

कुत्रीचं खाणं संपलेलं असतं. वेंडी किराणा दुकानातून डबे उचलते. दुकानातला एक पोरगा तिला पकडतो. पोलीस येतात, ठाण्यात बोटांचे ठसे, पन्नास डॉलर दंड. ती परत येते तेव्हा दुकानाबाहेर बांधलेली ल्यूसी तिथे नसते. उरलेला सिनेमा म्हणजे कुत्रीचा शोध आणि गाडीची दुरुस्ती. गाडीच्या दुरुस्तीला दोन हजार लागतील असं गॅरेजवाला सांगतो, म्हणजे गाडी संपली. ल्यूसी सापडते, ती अंगण असलेल्या एका घरात. वेंडी कुंपणापलीकडून तिच्याशी काठी फेकायचा खेळ खेळते, परत येईन असं सांगते, आणि एका मालगाडीत चढून निघून जाते.

खून नाही, प्रेम नाही, रहस्य नाही. बहुतांश वेळ एक मुलगी चालते, वाट पाहते, फोन करते, पुन्हा चालते. पार्श्वसंगीत म्हणाल तर अधूनमधून एक गुणगुणणं. तरीही मला हा सिनेमा पाहून झाल्यावर एखाद्या मारधाडीच्या सिनेमापेक्षा जास्त दमल्यासारखं झालं. ‘काहीच घडत नाही’ खरं असेल, तर हा थकवा कशाचा?

संथपणा मोजायचा कसा?

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न हाच सुचायला हवा. आणि सिनेमाच्या अभ्यासात यावर काम झालंही आहे. बॅरी सॉल्ट हे मूळचे भौतिकशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी १९७० च्या दशकात सिनेमाच्या शैलीचा संख्याशास्त्रीय अभ्यास सुरू केला. त्यातलं सगळ्यात साधं माप म्हणजे शॉटची सरासरी लांबी: सिनेमाचा एकूण वेळ भागिले शॉटची संख्या. पुढे २००५ मध्ये युरी त्सिवियान यांनी ‘सिनेमेट्रिक्स’ नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यात जगभरचे लोक सिनेमे बघत बघत शॉट मोजतात आणि आकडे एका जागी जमा करतात.

आकडे बोलके आहेत. डेव्हिड बोर्डवेल यांच्या मांडणीनुसार १९३० ते १९६० या काळात हॉलिवूडच्या सिनेमात शॉटची सरासरी लांबी साधारण ८ ते ११ सेकंद असायची. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती ३ ते ६ सेकंदांवर आली. म्हणजे आपले डोळे ज्या वेगाला सरावलेत, तो वेग काही निसर्गनियम नाही. तो गेल्या काही दशकांत घडत गेला आहे.

मग संथपणा म्हणजे लांब शॉट, असं समीकरण मांडायचं का? मांडून बघा आणि लगेच त्याला अडचणीत टाकणारं उदाहरण शोधा. अलेक्झांडर सोकुरोव यांचा २००२ चा ‘रशियन आर्क’ सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात एकाच शॉटमध्ये चित्रित झालाय. दीड तासाचा सिनेमा, शॉट एक. आपल्या सूत्राप्रमाणे तो जगातल्या सर्वांत संथ सिनेमांपैकी एक ठरेल. प्रत्यक्षात कॅमेरा दालनांमागून दालनं ओलांडत असतो, शेकडो माणसं, पोशाख, नाच, शतकांची उलथापालथ. डोळ्याला उसंत नाही. उलट ‘वेंडी अँड ल्यूसी’मध्ये बरेच शॉट तुमच्या-माझ्या सवयीतल्याच लांबीचे आहेत, आणि तरी बघणारा प्रत्येक माणूस त्याला संथ म्हणतो.

म्हणजे माप चुकीचं नाही, पण आपल्याला जे मोजायचं होतं ते ते मोजत नाही. प्रपोजल लिहिताना ही खूण लक्षात ठेवा. आकडा मिळणं सोपं असतं. तो आकडा आपल्या प्रश्नाचाच आहे ना, हे बघणं अवघड.

पट्टी आणि व्हर्नियर

मला वाटतं संथपणाचं उत्तर अकरावीच्या प्रॅक्टिकलमध्ये आहे. लीस्ट काउंट आठवतो? साधनाने मोजता येणारं सर्वांत लहान माप. साध्या पट्टीचं एक मिलिमीटर, व्हर्नियर कॅलिपरचं ०.१ मिलिमीटर किंवा त्याहून कमी. तारेची जाडी पट्टीने मोजलीत आणि दोन तारा सारख्याच आल्या, तर ‘फरक नाही’ असं लिहायचं नसतं. ‘या साधनाने फरक दिसत नाही’ असं लिहायचं असतं.

प्रत्येक सिनेमाचाही एक लीस्ट काउंट असतो, म्हणजे तो ज्याला ‘घटना’ म्हणून मोजतो ती सर्वांत लहान गोष्ट. मसाला सिनेमात ती एक मारामारी असेल, एक गौप्यस्फोट, एक मृत्यू. त्याखालचं सगळं तो कापून टाकतो: जिने चढणं, सुटे मोजणं, बस येईपर्यंत उभं राहणं. ‘वेंडी अँड ल्यूसी’चा लीस्ट काउंट जवळपास एक डॉलर आहे. एका सार्वजनिक फोनचे पैसे, गॅरेजपर्यंत गाडी ओढून न्यायचे पैसे, दंडाचे पन्नास. यातली प्रत्येक गोष्ट तिथे घटना आहे. तुम्ही आत जाताना हजार डॉलरचा लीस्ट काउंट असलेली पट्टी घेऊन गेलात तर वाचन शून्यच येणार.

यातला कळीचा प्रसंग शेवटाकडे येतो. तो म्हातारा सुरक्षारक्षक, जो दिवसभर एका दुकानाच्या दारात उभं राहायची नोकरी करतो, वेंडीला निरोप देताना तिच्या हातात घडी केलेल्या नोटा कोंबतो, गाडीत बसलेल्या बाईला दिसू नये अशा बेताने. नकार देऊ नकोस, असं काहीतरी म्हणतो आणि जातो. मग आपल्याला कळतं रक्कम किती ती: सहा-सात डॉलर. दुसऱ्या एखाद्या सिनेमात हा विनोद झाला असता. इथे पोटात गोळा येतो. कारण तोवर आपण तासभर तिच्या वहीचा हिशेब तिच्यासोबत करत आलोय. सहा डॉलर म्हणजे किती, हे आता आपल्याला माहीत असतं. देणाऱ्यासाठी किती, हेही. तो तास गेला नसता तर हा प्रसंग उमगला नसता.

इथेच मला या सिनेमाची नैतिक बाजूही दिसते. दुकानाच्या मॅनेजरला, पोलिसाला, गॅरेजवाल्याला, कुणालाच वेंडीचं वाईट करायचं नाही. त्यातला एकही खलनायक नाही. ते फक्त राउंड ऑफ करतात. नियम नियम आहे, दंड पन्नास आहे, पन्नास म्हणजे काही फार नाही. ज्यांचं आयुष्य मोठ्या आकड्यांत चालतं, त्यांच्या हिशेबात हा दशांशानंतरचा अंक. वेंडी त्या अंकात राहते. फेलोशिप चार महिने रखडली की पन्नासच्या नोटेचं वजन कसं बदलतं, हे तुमच्यापैकी काहींना लवकरच कळेल. तेव्हा हा सिनेमा आठवेल.

आधी बेसलाइन, मग बदल

पण छोटी गोष्ट नुसती दाखवून भागत नाही. ती ‘बदल’ म्हणून दिसायला आधी काहीतरी स्थिर हवं. कंट्रोलशिवाय प्रयोग नसतो तसं. हे सगळ्यात कडक शिस्तीत करून दाखवणारा सिनेमा म्हणजे शांताल आकेरमान यांचा १९७५ चा ‘जान दिएलमान’ (पूर्ण नावात तिचा ब्रुसेल्समधला पत्ताही आहे). लांबी २०१ मिनिटं. आकेरमान तेव्हा चोविशी-पंचविशीच्या होत्या. ‘साइट अँड साउंड’ मासिक दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं, त्यात २०२२ साली हा सिनेमा पहिला आला. पहिल्या जागी आलेला स्त्री-दिग्दर्शिकेचा हा पहिलाच सिनेमा.

एक विधवा बाई, तिचा मुलगा, तीन दिवस. बटाटे सोलणं, भांडी घासणं, बिछाना आवरणं, दुपारी पैशासाठी येणारा एक पुरुष, मग पुन्हा स्वयंपाक. कॅमेरा हलत नाही. पहिला दिवस आपण चुळबुळत बघतो, पण नकळत तिची पद्धत पाठ होते: दिवा कधी बंद करते, पैसे ठेवायच्या भांड्यावर झाकण कसं ठेवते. मग दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. भांड्यावर झाकण ठेवायचं राहतं. केस नीट नसतात. एवढंच. आणि खुर्चीत बसलेले आपण सावरून बसतो, कारण पहिल्या दिवसाची बेसलाइन आपल्याकडे आहे. पहिला दिवस दहा मिनिटांत उरकला असता, तर दुसऱ्या दिवशीचे बटाटे नुसते बटाटे राहिले असते.

‘संथपणा सहन करा, शेवटी फळ मिळेल’ असं मी म्हणत नाहीये. पहिला दिवस हा फळासाठी भोगलेला त्रास नव्हे. तो डेटा आहे. आणि तो डेटा कशाचा, तर घरकामाचा. रोज होतं, म्हणून दिसत नाही असं काम. सिनेमाने शंभर वर्षं बायका स्वयंपाकघरात जाताना आणि बाहेर येताना दाखवल्या. मधलं कापलं. आकेरमान यांनी मधलं ठेवलं.

मग आवडतं काय?

आतापर्यंतचं वाचून वाटेल, हे सगळं फार कष्टाचं आहे. तसं नाही. असे सिनेमे आवडणाऱ्यांना विचारलंत तर ‘शांत वाटतं’ असं उत्तर येतं, ‘वेंडी’सारखी अस्वस्थ करणारी गोष्ट असली तरी. मला ते उत्तर खरं वाटतं, आणि त्याचं कारण मी असं लावते.

बहुतेक सिनेमे आपल्याला कुठे बघायचं ते सांगतात. क्लोज-अप येतो, संगीत चढतं, कळतं की आता रडायचं. यात वाईट काही नाही, मलाही आवडतं. पण दिवसभर पेपर, मेल, मीटिंग, मोबाइल असं सगळंच आपल्याला ‘इकडे बघ’ म्हणत असतं. संथ सिनेमा म्हणत नाही. ल्यूसीला शोधत वेंडी प्राण्यांच्या कोंडवाड्यात जाते तेव्हा कॅमेरा पिंजऱ्यांच्या रांगेवरून नुसता सरकत जातो. एक कुत्रा, दुसरा, तिसरा. काही भुंकतात, काही बघतात, काही पडून आहेत. प्रत्येकावर आपली नजर ल्यूसी शोधते आणि ती नाही म्हणून पुढे जाते. दोन-तीन पिंजऱ्यांनंतर मला माझीच लाज वाटली, कारण हेही कुणाचे तरी कुत्रे, आणि मी त्यांना ‘ल्यूसी नाही’ एवढ्यावर वगळत होते. सिनेमाने हे सांगितलं नाही. वेळ दिला, बाकीचं माझं मी केलं. अशी स्वतः केलेली गोष्ट जास्त टिकते.

शांतपणा मिळतो तो इथून. तिथे काहीच राउंड ऑफ होत नाही. कुणी घाई करत नाही, म्हणून आपलं लक्ष आपल्या गतीने चालतं.

यावरून कुणी ‘एकाग्रता वाढवण्यासाठी संथ सिनेमे बघा’ असा सल्ला देऊ लागलं, तर हात जोडा. सिनेमा म्हणजे च्यवनप्राश नव्हे. अभ्यासाला उपयोग होईल म्हणून बघायला बसलात, तर ल्यूसी सापडेपर्यंत तुम्ही घड्याळच बघाल.

विरुद्ध बाजूचं म्हणणं

लिटरेचर रिव्ह्यूत फक्त आपल्या बाजूचे पेपर टाकणाऱ्यांना गाईड ओरडतात, म्हणून दुसरी बाजूही बघू. २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मासिकात डॅन कॉइस यांनी एक लेख लिहिला. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा: असे सिनेमे आपण पौष्टिक भाजी खावी तसे, चांगलं असतं म्हणून, मन मारून बघतो. उदाहरणांत रायकार्ट यांचाच ‘मीक्स कटऑफ’ होता. त्याच वृत्तपत्राचे समीक्षक मनोला डार्गिस आणि ए. ओ. स्कॉट यांनी संथ आणि ‘कंटाळवाण्या’ सिनेमाची बाजू घेत उत्तर दिलं. वाद गाजला.

कॉइस यांचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. कंटाळा आला हे सांगायला धैर्य लागतं, विशेषतः फिल्म सोसायटीत, जिथे आजूबाजूचे सगळे गंभीर चेहऱ्याने माना डोलावत असतात. आणि संथपणाचं ढोंगही असतं. महोत्सवांत फिरणारे काही सिनेमे बघताना वाटतं, की लांब शॉट, पाठमोरा माणूस, पावसाळी खिडकी एवढं जमवलं की खोली आपोआप येते, असा समज झालाय. आपल्या भाषेत सांगायचं तर कॅल्क्युलेटरवर आलेले आठ दशांश तसेच्या तसे उत्तरात उतरवण्यासारखं. मूळ मोजमाप दोन अंकांचं असताना पुढचे सहा अंक अचूकता वाढवत नाहीत, फक्त तसा भास निर्माण करतात.

म्हणून संथ सिनेमाला विचारायचा प्रश्न ‘हा संथ का?’ एवढा मोघम नको. प्रश्न असा हवा: या शॉटला दिलेला जास्तीचा वेळ काढून घेतला, तर नेमकं काय दिसेनासं होईल? कोंडवाड्याच्या शॉटला उत्तर आहे. ‘जान’च्या बटाट्यांना आहे. उत्तर नसेल, तर तो शॉट फक्त लांब आहे.

‘वेंडी अँड ल्यूसी’लाही ही चाळणी लावायला हवी. मला त्यात दोन जागा खटकतात. एक, वेंडीला पकडणारा दुकानातला पोरगा. कुत्र्याला खाऊ घालता येत नसेल तर कुत्रा पाळू नये, असं तो ऐकवतो, आणि त्याच्या गळ्यात क्रॉस लटकतोय. बाकी सगळ्या माणसांना सिनेमा वेळ देतो. या एकाला मात्र एका वाक्यात आणि एका दागिन्यात निकालात काढतो. म्हणजे इथे सिनेमा स्वतःच राउंड ऑफ करतो. दुसरी जागा सुरक्षारक्षकाच्या संवादाची: पत्ता नसेल तर नोकरी नाही, नोकरी नसेल तर पत्ता नाही, अशा अर्थाचं तो बोलतो. खरं आहे, चटका लावणारंही आहे, पण तोवर आपण हे अर्धा-पाऊण तास बघत आलोय. निरीक्षण इतकं नीट मांडल्यावर निष्कर्ष पात्राच्या तोंडी घालायची गरज नव्हती. अनेक चांगल्या थिसिसमध्येही हेच होतं: आलेख बोलत असतो आणि खाली तीन ओळी तेच सांगतात.

आपल्या भाषेतली एक नोंद

हा प्रश्न फक्त अमेरिका-बेल्जियमचा नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलाय, काहींनी अर्ध्यात सोडलाय. व्हेनिसला दोन महत्त्वाचे पुरस्कार, नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक, आणि घरी मात्र प्रतिक्रिया तीच: ‘किती संथ!’

नारायण कांबळे (वीरा साथीदार) या लोकशाहिरावर खटला आहे. त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून जीव दिला, असा आरोप. आरोपच इतका विचित्र आहे की दुसरा दिग्दर्शक यातून जोरदार कोर्टरूम नाट्य काढेल. ताम्हाणे कॅमेरा लांब, स्थिर ठेवतात आणि तारीख पडू देतात. पुन्हा तारीख. मधे एका बाईचं प्रकरण येतं आणि तिने बिनबाह्यांचा पोशाख घातलाय म्हणून न्यायाधीश ते ऐकतच नाहीत, पुढे ढकलतात. कुणी आवाज चढवत नाही. मग सिनेमा सरकारी वकील बाईंच्या (गीतांजली कुलकर्णी) मागे लोकलने घरी जातो, स्वयंपाक बघतो, कुटुंबासोबत नाटकाला जातो.

‘कोर्ट’चा लीस्ट काउंट एक तारीख आहे. पुढे ढकलणं ही आपल्याकडे ‘घटना’ मानली जात नाही, ती घटनेची अनुपस्थिती मानली जाते. पण आत बसलेल्या माणसासाठी तीच सगळ्यात मोठी घटना असते. उन्हाळी सुट्टी लागते, कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे एकेक करून बंद होतात आणि पडद्यावर काही क्षण अंधारच राहतो. त्या अंधारात मी काय बघत होते? काहीच नाही. म्हणजे नारायण कांबळे पुढचा महिनाभर जे बघणार होता, तेच.

त्यानंतर न्यायाधीशांच्या सहलीचा भाग येतो. अनेकांना तो जोडल्यासारखा वाटतो. मला तो लागतो, कारण ज्या माणसाने दुसऱ्याचा वेळ इतक्या सहज थांबवला, त्याचा स्वतःचा वेळ कसा जातो, ही तुलना तिथे पूर्ण होते. तो बाकावर डुलकी घेतो. पोरं ओरडून उठवतात. तो एकाला थोबाडीत मारतो आणि पुन्हा डोळे मिटतो.

तिन्ही सिनेमे शेजारी ठेवा: गरिबी, घरकाम, लांबलेला न्याय. ही तिन्ही दुखणी अपघातासारखी एका क्षणात घडत नाहीत. ती वेळेत पसरलेली असतात, म्हणून वेगवान सिनेमात ती एकतर कापली जातात किंवा एका अश्रूत गोळा केली जातात. संथ सिनेमाची गरज मला इथे वाटते. काही गोष्टी दाखवायला तेवढा वेळच लागतो.

लिहून बघायचं असेल तर

यातला कुठलाही एक सिनेमा घ्या. फिल्म क्लबची सवय असेल तर उत्तमच. मुंबईचं प्रभात चित्र मंडळ, पुण्याचा आशय फिल्म क्लब अशा संस्थांनी कित्येक पिढ्यांना असे सिनेमे दाखवलेत. तुम्हाला कंटाळा आलेला एक शॉट निवडा आणि वहीच्या पानावर उभी रेघ मारा. डावीकडे फक्त दिसलं-ऐकलं ते लिहा: ‘ती दोनदा मागे वळून बघते’, ‘दूर गाडीची शिटी’. उजवीकडे तुम्ही त्यावरून काय धरलं ते: ‘ती घाबरली आहे’. उजवी बाजू भराभर भरते, डावी रिकामी राहते, हे पहिल्यांदा बहुतेकांचं होतं. मग तोच शॉट पुन्हा बघा आणि फक्त डावीकडे भर घाला.

कंटाळा आला तर तोही लिहा, वेळेसकट. कितव्या मिनिटाला आला, तेव्हा पडद्यावर काय होतं, आणि तुम्ही कशाची वाट बघत होतात. हा शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. कारण आपण जिची वाट बघतो, तीच आपल्या लेखी ‘घटना’ असते. तो रकाना भरला की आपण कोणती पट्टी घेऊन आत गेलो होतो, ते कळतं.

त्यानंतरही सिनेमा आवडला नाही तर खुशाल नाही म्हणा. पण मग वाक्य असं येईल: ‘या शॉटला दिलेल्या वेळेत मला नवीन काही दिसलं नाही.’ याला उत्तर देता येतं, यावर भांडता येतं, दुसरा माणूस तोच शॉट बघून तुम्हाला खोडून काढू शकतो. ‘काहीच घडत नाही’ला तसं खोडता येत नाही.